जुन्या मोटारींमधील ध्वनिशामक शीटची बसवणूक व रंगकाम : बीड जिल्ह्याच्या हवामानाच्या संदर्भात

सारांश :
जुन्या मोटारींचे जतन हा आता केवळ महानगरांतील छंद राहिलेला नाही. तालुक्याच्या गावांतील गॅरेजमध्येही जुन्या फियाट व अॅम्बेसेडर गाड्यांचे पुनरुज्जीवन होऊ लागले आहे. या कामात गाडीतील आवाज कमी करण्यासाठी पत्र्याच्या आतील बाजूस ध्वनिशामक शीट बसविण्याकडे मालकांचा कल दिसतो. मात्र शास्त्रीय आधाराशिवाय केलेल्या अशा बसवणुकीमुळे आवाज फारसा कमी होत नाही आणि शीटखालील पत्रा मात्र गंजतो. प्रस्तुत लेखात ध्वनिशमनाची तत्त्वे, सामग्रीची निवड, बसविण्याची व रंगविण्याची पद्धती, तसेच कारागिरांच्या आरोग्याचा प्रश्न यांचा बीड जिल्ह्याच्या हवामानाच्या अनुषंगाने विचार केला आहे.

बीजसंज्ञा : प्रीमियर पद्मिनी, ध्वनिशमन, ब्युटाइल शीट, गंज, रंगकाम, बीड जिल्हा.

१. प्रस्तावना

भारतातील मोटार उद्योगाच्या इतिहासात महाराष्ट्राचे स्थान महत्त्वाचे आहे. मूळचे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स या कंपनीची स्थापना केली. मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्याने मोटारी तयार होऊ लागल्या. १९६४ पासून तेथे ‘फियाट ११०० डिलाइट’ ही गाडी तयार होऊ लागली आणि सत्तरच्या दशकात तिचेच ‘प्रीमियर पद्मिनी’ असे नामकरण झाले. १०८९ घनसेंटिमीटर क्षमतेचे चार सिलिंडरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरील गिअर आणि सुमारे ९०० किलो वजन ही या गाडीची ठळक वैशिष्ट्ये होत. मुंबईच्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणून तिने अनेक दशके सेवा दिली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ऑक्टोबर २००३ मध्ये झाली होती. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ अखेर ही टॅक्सी मुंबईच्या सेवेतून बाहेर पडली.

बीड जिल्हा हा मराठवाड्यातील अकरा तालुक्यांचा जिल्हा होय. परळी वैजनाथचा अपवाद वगळता जिल्ह्याचा मोठा भाग दीर्घकाळ रेल्वेपासून वंचित राहिला. बीड शहर रेल्वेने अहिल्यानगरशी जोडले गेले ते १७ सप्टेंबर २०२५ रोजी. साहजिकच या जिल्ह्याचा प्रवास पिढ्यान्‌पिढ्या रस्त्यावरच झाला. एस. टी., जीप व ट्रक यांच्या जोडीने खाजगी मोटारीलाही येथे स्वतःचे स्थान होते. ज्या घरांत अशी गाडी टिकून आहे, तेथे ती कुटुंबाच्या स्मृतीचा भाग बनली आहे. एम. एच. २३ अथवा एम. एच. ४४ या क्रमांकांच्याही आधीची पाटी मिरविणारी गाडी चालती ठेवणे ही त्या घरासाठी प्रतिष्ठेची बाब असते. अशी गाडी एकदा तळातून कुजली की तिचा पत्रा पुन्हा मिळत नाही. म्हणूनच शीट चिकटविण्यासारखे वरकरणी किरकोळ वाटणारे काम गाडीच्या आयुष्याशी निगडित ठरते.

२. लेखाची उद्दिष्टे

१) मोटारीतील आवाजाची कारणे व ध्वनिशमनाची तत्त्वे स्पष्ट करणे.
२) उपलब्ध सामग्रीपैकी बीड जिल्ह्याच्या हवामानास योग्य सामग्री कोणती, याचा विचार करणे.
३) शीट बसविण्याचा व रंगविण्याचा योग्य क्रम मांडणे.
४) या कामातील आरोग्यविषयक व कायदेशीर बाबींकडे लक्ष वेधणे.

३. मोटारीतील आवाज : उगम व प्रवास

जुन्या मोटारीत प्रवाशाच्या कानावर पडणारा आवाज एकाच ठिकाणाहून येत नाही. इंजिन, सायलेन्सर, मागील चाकांना गती देणारा प्रॉपेलर शाफ्ट, टायरचे रस्त्याशी होणारे घर्षण आणि काचांच्या फटींतून शिरणारा वारा हे त्याचे प्रमुख उगम होत. हा आवाज दोन मार्गांनी आत येतो. पहिला मार्ग हवेचा; म्हणजे फटी व छिद्रे यांतून येणारा. दुसरा मार्ग पत्र्याचा. म्हणजे कंपने पत्र्यात उतरून पत्राच ढोलाच्या कातड्याप्रमाणे वाजू लागणे. फियाटच्या बांधणीत स्वतंत्र चौकट नाही. पत्र्याचा सांगाडा हीच तिची चौकट आहे. त्यामुळे इंजिन व चाकांची कंपने थेट तळपत्र्यापर्यंत पोहोचतात.

यावरून एक महत्त्वाची बाब स्पष्ट होते. शीट चिकटविण्यापूर्वी आवाजाच्या मूळ कारणांवर उपाय केला पाहिजे. इंजिनखालील रबरी माउंटिंग कडक झाले असेल, प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस झिजला असेल, सायलेन्सर फुटला असेल अथवा दाराचे रबर सुकले असेल, तर शीटचे कितीही थर दिले तरी अपेक्षित परिणाम साधत नाही. दुखणे एकीकडे आणि लेप दुसरीकडे, अशी ती अवस्था होते.

४. ध्वनिशमनाची तीन तत्त्वे

अ) कंपनशमन : मोकळ्या पत्र्यावर बोटाने टिचकी मारल्यास ‘टण्ण’ असा लांबणारा नाद येतो. त्याच पत्र्याच्या मध्यभागी चिकट शीटचा तुकडा घट्ट बसविल्यास ‘धप्प’ असा तुटक आवाज येतो. शीटमधील चिवट पदार्थ पत्र्याबरोबर ताणला जातो व कंपनांच्या ऊर्जेचे अल्पशा उष्णतेत रूपांतर करतो. या पदार्थावर अॅल्युमिनियमचा पातळ वर्ख असेल तर परिणाम वाढतो. कारण वर्ख व पत्रा यांच्या दरम्यान तो पदार्थ घासला-ताणला जातो. पत्र्याचे कंपन मध्यभागी सर्वाधिक व कडांना कमी असते. म्हणून सपाट भागाचा साधारण २५ ते ५० टक्के पृष्ठभाग झाकला तरी बहुतांश लाभ मिळतो. ज्या भागावर कारखान्यातच उठाव व पन्हाळी ठोकलेल्या आहेत, तो भाग मुळातच ताठ असतो. तेथे शीटची गरज कमी असते.

आ) अटकाव : हवेतून येणारा आवाज अडविण्यासाठी वजन लागते. अडथळ्याचे दर चौरस मीटरचे वजन दुप्पट केल्यास सुमारे ६ डेसिबलची घट मिळते, असा ढोबळ नियम आहे. ०.९ मि.मी. जाडीच्या पोलादी पत्र्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ७ किलो भरते. २ मि.मी. जाडीची शीट साधारण ३ ते ४ किलो भरते. म्हणजे केवळ वजनाच्या जोरावर ६ डेसिबल मिळविण्यासाठी शीटचे दोन थर सर्वत्र द्यावे लागतील. जेमतेम ४० अश्वशक्तीच्या इंजिनावर एवढा भार लादणे शहाणपणाचे नाही.

इ) शोषण : नमदा, फेल्ट वा फोम यांसारखे सच्छिद्र पदार्थ आतल्या आत घुमणारा आवाज शोषून घेतात. पत्र्याचे कंपन ते थांबवीत नाहीत आणि बाहेरचा आवाजही फारसा अडवीत नाहीत. त्यांचे स्थान शीटच्या वर, म्हणजे मॅटच्या खाली होय.

या तिन्ही तत्त्वांइतकेच फटी बुजविणे महत्त्वाचे आहे. इंजिन व प्रवासी कक्ष यांच्यामधील पत्र्यात वायर, केबल व दांड्यांसाठी अनेक छिद्रे असतात. एखाद्या अडथळ्याचे अवघे १ टक्का क्षेत्रफळ उघडे राहिले, तरी ध्वनिऊर्जेचा किमान शंभरावा भाग आत येतोच. अर्थात तो अडथळा कितीही जाड केला तरी घट २० डेसिबलच्या पुढे जाऊ शकत नाही. काही रुपयांचे रबरी ग्रोमेट बदलणे हे म्हणूनच महागड्या शीटपेक्षा कधी कधी अधिक फलदायी ठरते.

५. सामग्रीची निवड व बीडचे हवामान

जुन्या काळी मोटार कारखान्यांत डांबराने भिजविलेला नमदा अथवा डांबरी शीट वापरली जात असे. आज बाजारात प्रामुख्याने दोन प्रकार मिळतात : डांबरी शीट व ब्युटाइल रबराची वर्खयुक्त शीट. काही ठिकाणी छताच्या गळतीसाठी वापरली जाणारी वर्खयुक्त डांबरी शीटही स्वस्त पर्याय म्हणून गाडीत चिकटविली जाते.

बीड जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. उन्हात उभ्या असलेल्या मोटारीच्या टपाचा पत्रा हवेपेक्षा २० ते ३० अंशांनी अधिक तापू शकतो. रंग गडद असेल तर ही तफावत वाढते. या तापमानाला डांबर मऊ पडते, त्याचा उग्र वास गाडीत कोंडतो आणि टपाला चिकटविलेली शीट स्वतःच्या वजनाने सुटून आतील कापडी अस्तरावर येऊन पडते. हिवाळ्याच्या पहाटे हेच डांबर कडक होऊन त्याला तडे जातात. ब्युटाइल रबर मात्र या तापमानात वाहत नाही आणि त्याची चिकटण्याची शक्ती दीर्घकाळ टिकते. त्यामुळे टप, दारे व इंजिनलगतचा पडदी पत्रा यांसाठी ब्युटाइल शीटच योग्य होय. डांबरी शीट वापरायचीच असल्यास ती सपाट तळपत्र्यापुरती मर्यादित ठेवावी आणि सायलेन्सरच्या नळीच्या वरचा भाग टाळावा.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. बीड हा अवर्षणप्रवण जिल्हा असल्याने येथे गंजाची भीती नाही, असे मानले जाते. वस्तुतः गंजास सतत पाऊस लागत नाही. अडकून राहिलेला ओलावा पुरेसा असतो. काळ्या मातीची बारीक धूळ तळाच्या सांध्यांत साचते, पावसाळ्यात ती भिजते आणि आठवडेच्या आठवडे ओल धरून ठेवते. त्यावर शीट चिकटविली तर ओलावा बाहेर पडण्याचा मार्गच बंद होतो. वरून चकचकीत दिसणाऱ्या शीटखाली पत्रा कागदासारखा विरत जातो व ते लक्षात येते तेव्हा उशीर झालेला असतो. या दृष्टीने ओल धरणारा स्पंज तळपत्र्यावर व दारात कदापि वापरू नये. फोम लागल्यास बंद छिद्रांचा, म्हणजे पाणी न शोषणारा वापरावा.

६. बसवणुकीची पद्धती

पहिली पायरी : मोजमाप. काम सुरू करण्यापूर्वी एकाच रस्त्यावर, काचा बंद करून, एकाच गिअरमध्ये ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी चालवून ध्वनिमापकाची नोंद घ्यावी. ध्वनिमापक नसल्यास मोबाईलमधील सुविधा तुलनेपुरती चालते. धुळे-सोलापूर या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ चा सपाट टप्पा अशा नोंदीस सोयीचा आहे. काम झाल्यावर त्याच ठिकाणी, त्याच अटींवर पुन्हा नोंद घ्यावी.

दुसरी पायरी : उकल व स्वच्छता. बॅटरीची जोडणी काढावी. सीट, मॅट, दारांचे आतील पॅनेल व आवश्यक तेथे टपाचे अस्तर उतरवावे. जुना डांबरी थर सुटला असेल तर तो खरवडून काढावा. काही जुन्या लेपांत अॅस्बेस्टॉसचे तंतू असण्याची शक्यता असते. म्हणून तो कोरडा घासू नये, ओला करून काढावा व भुकटी हवेत उडू देऊ नये. घट्ट बसलेला मूळ थर विनाकारण काढण्याची गरज नाही.

तिसरी पायरी : गंजाचा उपचार. पत्र्याला स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने टोचून त्याची मजबुती पाहावी. जेथे टोक आत जाते, तेथे पत्रा कापून नवा जोड वेल्डिंगने बसविणे हाच उपाय होय. शीटने भोक झाकणे ही फसवणूक ठरते. वेल्डिंगची सर्व कामे शीट लावण्याआधीच पूर्ण करावीत, कारण डांबर व फोम पेट घेऊ शकतात. पेट्रोलची टाकी व नळी यांची त्याआधी सुरक्षित व्यवस्था करावी. वरवरच्या गंजावर फॉस्फोरिक आम्लयुक्त द्रव लावून तो सांगितलेल्या पद्धतीने पूर्णपणे धुवावा. बोअरचे पाणी क्षारयुक्त असल्यास शेवटची धुलाई शुद्ध केलेल्या पाण्याने करावी. अन्यथा वाळलेले क्षार रंगाखाली ओलावा खेचतात.

चौथी पायरी : पत्र्याचे संरक्षण. कोरड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर, सांध्यांवर सीलर आणि त्यावर रंग असा क्रम ठेवावा. रंग पूर्ण वाळेपर्यंत थांबावे. घाईने शीट लावल्यास रंगातील थिनर खाली कोंडून राहतो व चिकटपणा जातो.

पाचवी पायरी : शीट चिकटविणे. प्रथम जाड कागदाचे नमुने कापावेत. पृष्ठभाग तेलविरहित करून शीट मध्यभागापासून बाहेर अशी दाबत जावी आणि लहान रुळाने जोर देऊन फिरवावे. वर्खावरील ठसे सपाट होईपर्यंत रूळ फिरविणे हे पूर्ण चिकटल्याचे लक्षण होय. हवेचा फुगा राहिल्यास सुईने टोचून हवा काढावी. कडा वर्खाच्या पट्टीने वा सीलरने बंद कराव्यात. तळपत्र्यातील व दारांच्या खालच्या कडेतील पाणी निघून जाण्याची छिद्रे कोणत्याही परिस्थितीत बुजवू नयेत. काचेच्या रबराजवळून पाणी दारात शिरते व त्या छिद्रांतूनच ते बाहेर पडते. काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेच्या मार्गातही शीट येता कामा नये.

७. रंगकामातील समस्या व उपाय

मॅटखाली व पॅनेलमागे झाकल्या जाणाऱ्या शीटला रंगाची आवश्यकता नाही. मात्र डिकी, पडदी पत्रा यांसारख्या दृश्य भागांत चकाकणारा वर्ख जुन्या गाडीच्या रूपाला विसंगत दिसतो. अशा ठिकाणी शीट गाडीच्या मूळ रंगात मिसळून टाकणे हे चांगल्या कामाचे गमक मानले जाते.

डांबरी शीटवर थेट रंग मारल्यास थिनरमुळे डांबर विरघळते आणि काही दिवसांत पृष्ठभागावर तपकिरी डाग उमटतात. कितीही हात दिले तरी ते पुन्हा वर येतात. यासाठी रंगाआधी मधला अडसर देणे आवश्यक असते. पाण्यात मिसळणारा अॅक्रिलिक प्रायमर अथवा अॅल्युमिनियम पेंट यांचा पातळ हात हे त्यावरील उपाय होत.

वर्खयुक्त शीटची अडचण वेगळी आहे. गुळगुळीत अॅल्युमिनियमवर रंग धरत नाही व कालांतराने सालीसारखा निघतो. म्हणून वर्ख तेलविरहित करून बारीक पॉलिश पेपरने हलका खरखरीत करावा, मात्र फाटू देऊ नये. त्यावर अॅल्युमिनियमला धरणाऱ्या प्रायमरचा पातळ हात द्यावा. कापलेल्या कडांतून थिनर ब्युटाइलमध्ये मुरू नये, यासाठी कडा आधी बंद कराव्यात आणि रंग दोन-तीन पातळ हातांत द्यावा. जाड हात लवचिक पृष्ठभागावर तडकतो.

हवामानाचा परिणाम रंगकामावरही होतो. पावसाळ्यातील दमट हवेत ड्युको रंगावर पांढुरकी झाक येते. उन्हाळ्यात थिनर हवेतच उडून जाऊन रंग वाळूसारखा खरबरीत बसतो आणि दुपारच्या वाऱ्याबरोबर धूळ येते ती वेगळीच. कॉम्प्रेसरच्या टाकीत साचलेले पाणी रोज न काढल्यास त्याचे थेंब रंगात उतरतात. या सर्व बाबी लक्षात घेता बीड जिल्ह्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ व सकाळी ऊन वर आल्यानंतरचे काही तास या कामास सर्वाधिक अनुकूल ठरतात.

८. कारागिरांचे आरोग्य

गॅरेजमधील कारागीर हा या प्रक्रियेतील सर्वांत दुर्लक्षित घटक होय. दोन घटक मिसळून तयार होणाऱ्या पॉलियुरेथेन रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट वर्गातील रसायने असतात. त्यांच्या तुषारांमुळे कायमस्वरूपी दमा जडू शकतो. तोंडाला बांधलेला रुमाल वा गमछा यापासून अजिबात संरक्षण देत नाही. त्यासाठी बाहेरची शुद्ध हवा पुरविणारा मुखवटाच लागतो. तो उपलब्ध नसेल, तर आतील भागांसाठी असा रंग वापरू नये. साधा एनॅमल वा ड्युको रंग मोकळ्या हवेत, योग्य मास्क लावून वापरावा. थिनरच्या वाफा ज्वालाग्राही असल्याने विडी-सिगारेट व वेल्डिंग दूर ठेवणे अनिवार्य आहे. मालकाच्या कानांना आराम मिळावा म्हणून ग्राइंडर व हातोड्याच्या कर्कश आवाजात कारागिराने आपले कान गमवावेत, हा विरोधाभास आहे. कानात घालण्याच्या बोळ्यांची किंमत नगण्य असते. उणीव असते ती जाणिवेची.

९. कायदेशीर बाजू

मोटार वाहन कायदा १९८८ अन्वये खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते व त्यानंतर तिचे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. २०२१ मध्ये केंद्र शासनाने विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम लागू केले. त्यांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेली, व्यापारी वापरात नसलेली दुचाकी व चारचाकी वाहने ‘व्ही ए’ या अक्षरांसह स्वतंत्र क्रमांक मिळविण्यास पात्र ठरतात. साठच्या दशकातील फियाट या व्याख्येत बसते. मात्र चॅसिस, सांगाडा अथवा इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा, ही त्यातील महत्त्वाची अट आहे. तसेच असे वाहन रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. चिकटविलेली शीट काढता येते, ती सांगाडा बदलत नाही. परंतु शीट बसावी म्हणून पत्रा कापणे, उठाव ठोकून सपाट करणे किंवा नवे छिद्र पाडणे हे मूळ स्वरूपास बाध आणते. ‘परत काढता येईल असेच काम करावे’ हे वास्तुजतनातील सूत्र येथेही लागू पडते.

१०. निष्कर्ष

१) शीट लावण्यापूर्वी आवाजाची यांत्रिक कारणे दूर करणे व फटी बुजविणे अधिक लाभदायक ठरते.
२) संपूर्ण पृष्ठभाग झाकण्याऐवजी सपाट भागांच्या मध्यावर मर्यादित प्रमाणात वर्खयुक्त ब्युटाइल शीट लावणे शास्त्रीय व किफायतशीर आहे.
३) बीड जिल्ह्याच्या उष्ण हवामानात टप व दारांसाठी डांबरी शीट अयोग्य आहे.
४) प्रायमर व रंगाने संरक्षित न केलेल्या पत्र्यावर शीट लावणे म्हणजे गंजास आश्रय देणे होय.
५) डांबरी शीटवर अडसर थर व वर्खावर योग्य प्रायमर दिल्याशिवाय रंग टिकत नाही.
६) कारागिराच्या श्वसनाचे व श्रवणाचे संरक्षण हा कामाच्या खर्चाचाच भाग मानला पाहिजे.

जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी जुन्या वाहनांच्या पत्राकाम व रंगकामाचे अल्पमुदतीचे वर्ग घ्यावेत आणि महाविद्यालयांतील भौतिकशास्त्र विभागांनी ध्वनिमापनाचे प्रकल्प विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावेत, असे सुचवावेसे वाटते. ऊसतोडणीसाठी दरवर्षी परजिल्ह्यांत जाणाऱ्या कुटुंबांतील एखाद्या तरुणास अशा कौशल्यातून गावातच काम मिळाले, तर जुन्या मोटारींचे जतन हा निव्वळ हौसेचा विषय न राहता रोजगाराचाही एक मार्ग होऊ शकेल.